डॅशबोर्डवरचा नऊ

पंक्चर झालेलं चाक बघून मला आनंद झाला होता, ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. तशी मी कुठलीच गोष्ट कुणाला फारशी सांगत नाही. माझी बायको रोहिणी म्हणते, ह्यांच्याशी बोलणं म्हणजे बंद दुकानाची कडी वाजवणं. पण मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं वारजे ते विश्रांतवाडी असा तीन दिवसांचा प्रवास करून आलो, आणि त्याचं वर्णन लिहायला बसलो तर पहिलं वाक्य दुसरं कुठलं सुचेना.

वारजे ते विश्रांतवाडी हा काय प्रवास आहे का, असं विचारणाऱ्याने तो केलेला नाही हे उघड आहे. शहराच्या पश्चिम टोकाचा माणूस उत्तर टोकाला लग्नालाच जातो, आणि तेही मुहूर्त टळल्यावर पोचतो. मी हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला आहे. कंपनीने मला अमेरिकेला जितक्या वेळा पाठवलं तितक्या वेळा मी विश्रांतवाडीला मेहुणीकडे गेलेलो नाही. अमेरिकेतले हमरस्ते मला पाठ होते. येरवड्याच्या पुढे मात्र मी शेजारच्या गाडीवाल्याला विचारून गाडी वळवायचो.

आता त्या चाकाची हकिकत. रोहिणी पाटबंधारे खात्यात लेखा विभागात आहे. पन्नाशी जवळ आली तेव्हा ती गाडी चालवायला शिकली. चांगली शिकली. ऑफिसला जाऊ लागली, एकटी ताईंकडे जाऊन येऊ लागली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, विश्रांतवाडीची. मी काळजीपोटी (असं तेव्हा म्हणायचो) बुधवार पेठेतून टायरमधल्या हवेचा दाब सांगणारं यंत्र आणून बसवलं. नव्या गाड्यांत ते आतच असतं, टीपीएमएस म्हणतात. आमची गाडी जुनी, म्हणून वरून बसवायचं. चाकात हवा भरायच्या तोंडावर जी छोटी टोपी असते तिच्या जागी सेन्सरची टोपी पिळायची. अशा चार चाकांना चार. प्रत्येक टोपी आपल्या चाकातला दाब हवेतून कळवत राहते आणि समोर काचेखाली ठेवलेल्या डबीवर चार आकडे दिसतात. डबी उन्हावर चालते. आमच्या गाडीला तेहतीस हवा लागते. आकडा फार उतरला की डबी कोकलते.

पावसाळ्यात एका शनिवारी ती अशीच कोकलली. पुढचं डावं चाक, पंचवीस. मी एकटा होतो. बटण दाबून तिला गप्प केलं आणि विसरलो. रविवारी ऊन नव्हतं, डबी बंदच होती. रोहिणी चालवत होती, मी शेजारी. वारज्याच्या पुलाजवळच्या वळणावर गाडी डावीकडे ओढू लागली. ती घाबरून फुटपाथला चिकटून थांबली. मी उतरलो. टायर बसला होता आणि त्यात एक काळा स्क्रू रुतलेला होता, डोक्याला सहाकोनी खड्डा असलेला. तो मी ओळखला. आठवड्यापूर्वी पार्किंगमध्ये बसून मी आमचं जुनं कॉम्प्युटरचं टेबल खोललं होतं. पहिला संगणक घेतला तेव्हा, सगळं पुणं संगणक शिकत होतं त्या काळात, हौसेनं आणलेलं. स्क्रू तिथेच टाकून वर गेलो होतो.

"काय झालं हो?" रोहिणीने काच खाली करून विचारलं.

मी म्हणालो, "कडेला घासलंस. फुटपाथला."

स्टेपनी लावली. पंक्चरचं चाक डिकीच्या खळग्यात टाकून वर चटई पसरली, कारण पंक्चरवाल्याने तो स्क्रू उपसून हातावर ठेवला असता. डबी 'बिघडली' म्हणून समोरच्या कप्प्यात टाकून दिली. आणि रोहिणीने घरी येऊन किल्ली माझ्यापुढे ठेवली. "मला नाही जमायचं. तुम्हीच चालवा." चाक बघून झालेला तो आनंद ह्याचाच होता.

पहिला दिवस: वारज्याहून बुधवार पेठ

ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. रोहिणी चालवत असती तर दर आठवड्याला गेली असती. आता महिने उलटले तरी जाणं झालं नव्हतं. शेवटी ताईंनीच फोनवर सुनावलं, "मी तिकडे यायची वाट बघताय का? गुडघा नवा आहे, पंख नाही बसवलेत." म्हणून जोडून सुट्टी काढली. रोहिणीने वाटेत खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. "पुण्यातल्या पुण्यात दशम्या?" मी म्हणालो. "तुम्ही चालवणार आहात ना? मग दोन वेळच्या लागतील."

निघताना ती कप्प्यात रुमाल शोधत होती. तिच्या हाताला डबी लागली. "ऊन छान आहे, बघू चालते का," म्हणत तिने ती काचेखाली ठेवली. कर्वे रस्त्याला लागेपर्यंत डबी उन्हात तापली, जागी झाली आणि कोकलली. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, नऊ.

"अहो, नऊ!"

पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याने पुढचं डावं चाक मोजलं. "तेहतीस आहे साहेब. नवऱ्या मुलासारखं टम्म आहे." रोहिणीने वाकून चाक बघितलं, डबी बघितली. "मग हे नऊ कुणाचं?" असं म्हणून गाडीत बसली. हा प्रश्न तिने पुढे दुसऱ्या सकाळपर्यंत विचारला. हिशेबात चार आण्यांचा फरक आला तरी रात्रीचं जेवण न जाणारी बाई ती.

तोवर मलाही कळलेलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

गाडी मंडईच्या वाहनतळावर लावून आम्ही बुधवार पेठेत शिरलो. लहान गावातून आलेल्याने ही पेठ बघायला अर्धा दिवस द्यावा. एका बाजूला दर्शनाची रांग, हार, नारळ. दुसऱ्या बाजूला वायरी, बल्ब, रिमोट, आणि ज्यांचं नाव विकणाऱ्यालाही ठाऊक नाही अशा वस्तूंचे ढीग. माझ्या कॉलेजच्या दिवसांत इथे ट्रान्झिस्टरचे भाग मिळत, मग कॅसेट, मग संगणकाचे माउस. दुकानं तीच, काउंटरही तेच. काउंटरमागची मुद्रासुद्धा.

"काय?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

"हे यंत्र तुमच्याकडून घेतलं होतं. नऊ दाखवतंय."

"बरं."

"पण चाकात तेहतीस आहे. पंपावर मोजलं."

"पंपाचं मीटर मी विकलेलं नाही. हे विकलंय. मी ह्याचं सांगणार."

रोहिणी पुढे झाली. "टोपीतला सेल उतरला असेल का?"

आता त्याने मान वर केली. "सेल उतरला तर आकडा जातो, बाई. आडव्या रेघा येतात. आकडा येतोय म्हणजे कुणीतरी बोलतंय. कोण बोलतंय ते तुमचं तुम्ही बघा. मागे लोक उभे आहेत."

मागे कोणीही उभं नव्हतं.

पण मला एकदम उलगडलं. कुणीतरी बोलतंय. स्टेपनीवर सेन्सरची टोपी नव्हतीच. चाक बदलताना जुन्या चाकावरची टोपी काढून इकडे लावायची मी विसरलो होतो, आणि ती अजून त्या पंक्चर चाकाच्या तोंडावर, चटईखाली, अंधारात बसून नऊ, नऊ, नऊ असं सांगत होती. माझं सगळं आयुष्य संदेश इकडून तिकडे पाठवणाऱ्या यंत्रांत गेलं, आणि मला एक टोपी काढायचं सुचलं नव्हतं.

तिथल्या तिथे सांगता आलं असतं. मी म्हणालो, "स्वस्तातल्या वस्तू अशाच."

"स्वस्तातली तुम्हीच आणलीत," रोहिणी म्हणाली, आणि आम्ही वाहनतळाकडे निघालो.

बंडगार्डनच्या अलीकडे नदीकाठी झाडाखाली गाडी लावून दशम्या सोडल्या. गुळाची एक, तिखटाची एक. समोर पाण्यावर बगळे. शेजारच्या गाडीतलं कुटुंब ढोकळा खात होतं. त्यांच्या आजीने आमची चटणी मागून घेतली आणि वाटीभर ढोकळा दिला. "कुठे निघालात?" "विश्रांतवाडीला." "अगं बाई, लांब आहे हो!" ती मनापासून म्हणाली. मला इतकं बरं वाटलं! रोहिणी मात्र दशमी खाता खाता डबीकडे बघत होती. गाडी धावून टायर तापले की आतली हवा फुगते. तीन आकडे पस्तिसावर गेले होते. नऊ नऊवरच होता. तिचं चावणं थांबलं, ते मी पाहिलं.

विश्रांतवाडी

ताईंनी दारातच "जय भीम" म्हणून माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत डोकावून म्हणाल्या, "काय आणलंय? मिठाई? मिलिंदराव, मला साखर आहे. म्हणजे मीच खाते, पण आणणाऱ्याने विचार करायला हवा."

वारज्यात आमच्या सोसायटीत शेजारच्याचं आडनाव दारावर वाचून कळतं. ताईंच्या गल्लीत आमची गाडी थांबल्यापासून जिना चढेपर्यंत चौघांनी विचारलं, "धाकटी का? ती गाडी चालवणारी?" रोहिणी प्रत्येकाला म्हणाली, "चालवायची. आता नाही."

जेवायला बाजरीची भाकरी, सुकटीची चटणी आणि मटणाचा पातळ लाल रस्सा. जेवता जेवता डोक्यावरून विमान गेलं, ताटातला रस्सा थरथरला. "तीस वर्षं हे ऐकतेय," ताई म्हणाल्या. "पण खाली उतरताना जवळून कधी पाहिलं नाही. ही म्हणाली होती, ताई, मी तुला गाडीतून लोहगावच्या पलीकडे नेते, तिथल्या रस्त्यावरून सगळं दिसतं. म्हटलं चला, बहिणीच्या गाडीतून विमान बघू. तर ही भेकड निघाली! एका पंक्चरला भ्यायली!"

"पंक्चर नव्हतं, ताई. मी घासली होती," रोहिणी म्हणाली, आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

दुसरा दिवस: सकाळ

ताईंच्या घरी सकाळी वंदना होते. आमच्याकडे ती रविवारीच होते, आणि रविवारीही घाईत. ताई मेणबत्ती लावतात, फुलं ठेवतात, आणि पंचशील एकेक करून, थांबून, अर्थ मनात उतरेल असं म्हणतात. नव्या गुडघ्याने खाली बसता येत नाही म्हणून त्या खुर्चीवर होत्या, आम्ही सतरंजीवर. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून मी ते हजारदा म्हटलं असेन. त्या सकाळी ओठ हलले, आवाज आला नाही. ताईंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

वंदना झाल्यावर रोहिणी शाल गुंडाळून खाली गाडीत जाऊन आली. थंडी कडक होती. चहाच्या वेळी तिने ताईंसमोर हिशेब मांडला.

"ताई, बघ. थंडीत हवा आकसते. आज तीन चाकं एकतीसवर आलीत, आणि नऊचे आठ झालेत. म्हणजे नऊ खरा आहे. यंत्र बिघडलेलं असतं तर तो थंडीने कशाला उतरला असता? पण काल गाडी तासभर पळाली, तेव्हा तीन तापून वर गेले. नऊ तापला नाही."

"म्हणजे?" ताई.

"म्हणजे तो थंडीत असतो, पण पळत नाही. गाडीतलं न पळणारं चाक एकच. डिकीतलं." तिने माझ्याकडे वळून विचारलं, "अहो, ते तेव्हा काढलेलं चाक तुम्ही नीट करून आणलं होतंत ना?"

ती अजून माझ्यावर विश्वास ठेवून विचारत होती. 'विसरलो' म्हटलं असतं तर खपलं असतं.

"नाही आणलं," मी म्हणालो. "मुद्दाम नाही. तू घासलं नव्हतंस. चाकात स्क्रू होता. मी उतरलो तेव्हाच पाहिला. आदल्या दिवशी डबी ओरडली होती, ती मीच गप्प केली होती."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ताईंनी उठून गॅस बंद केला. आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "आणि मी हिला भेकड म्हणत राहिले."

रोहिणी बशीत सांडलेल्या चहाकडे बघत होती. "मी रोज ते वळण मनात घेते," ती हळू म्हणाली. "ऑफिसला जाताना, बसमधून. इथे स्टिअरिंग थोडं उजवीकडे घेतलं असतं तर... असं. रोज."

"चल, आज तू चालव," मी म्हणालो. यापेक्षा मूर्ख वाक्य मी बोललेलो नाही.

"का? तुमचं बोलून झालं म्हणून माझी भीती गेली का?" ती म्हणाली. "चहा प्या. गार होतोय."

धानोरीच्या पुढे

चाक दुरुस्त करून पुढे ताईंना विमान दाखवायचं ठरलं, पण गाडी मीच चालवली. ताई पुढे, पाय लांब करून. रोहिणी मागे. धानोरी ओलांडून पंक्चरचं एक दुकान लागलं. दुकानासमोर बाज, बाजेवर पांढरा फेटा बांधलेले एक तात्या. मागच्या इमारती त्यांच्याच जमिनीवर उभ्या होत्या, हे त्यांनी आम्ही न विचारता सांगितलं. "पयलं हितं ज्वारी व्हती. आता समदे टावर हाय. पोरं म्हनत्यात, तात्या, घरी बसा. घरी बसून काय करू? टीव्हीशी भांडू?"

डिकीतून चाक काढलं. तोंडावर सेन्सरची टोपी होतीच, थोडी गंजलेली. तात्यांनी टायर फिरवला, पकडीने स्क्रू उपसला आणि फुस्स झालं. "ह्यो काय खिळा न्हाय. रस्त्यावरचा न्हाय ह्यो. फर्निचरचा इस्क्रू हाय. कुनी हो घातला?"

रोहिणीने हात पुढे केला. स्क्रू उन्हात धरून पाहिला. स्क्रू कुठला, हे तेवढं मी सकाळी बोललो नव्हतो.

"हा आपल्या कॉम्प्युटरच्या टेबलाचा आहे," ती म्हणाली. "चौदा स्क्रू होते. जोडताना एक उरला होता, तुम्ही म्हणालात, कंपनीने जास्तीचा दिलाय. आणि वर्षभर ते टेबल डुगडुगत होतं!"

तिचा आवाज कापत होता. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. मागे टेकायला काही नव्हतं म्हणून तात्यांच्या बाजेवर बसली आणि हसत राहिली. ताईंनी "काय झालं, काय झालं" म्हणत तोंडाला पदर लावला, तात्याही आपले सोबतीने हसले. मी एकटा उभा होतो. मग मलाही आवरेना.

चाक दुरुस्त होऊन आपल्या जागी बसलं, स्टेपनी डिकीत गेली. "पस्तीस मारतो," तात्या म्हणाले. "पुन्याला जायाचं म्हंजे लांबचा पल्ला." आपण पुण्यातच आहोत, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

"तेहतीस," रोहिणी म्हणाली. "दाराच्या आतल्या बाजूला लिहिलंय. आणि बाकीची तीन पळून तापलीत, ती आत्ता मोजू नका, दोन-तीन जास्तच दाखवतील. अर्ध्या तासाने मोजा, आम्ही थांबतो."

"बाई, तुमी दुकान टाका," तात्या म्हणाले आणि उसाचा रस मागवला.

डबीवर चार आकडे सारखे झाले तेव्हा तिने हात पुढे केला. "द्या किल्ली. आणि एक शब्द बोलायचा नाही. एरवी बोलत नाही, तसंच बसायचं."

लोहगावच्या पलीकडे रस्ता थोडा चढतो. दोन्हीकडे कांद्याचे हिरवे वाफे, मधेच अर्धवट बांधलेले मनोरे, शेतातून जाणारी विजेची तार. तिथे आणखी दहा-पंधरा जण विमान बघायलाच आलेले होते. कणसंवाला होता, शिट्ट्या विकणारा होता. विमान आलं ते आधी ठिपका, मग पक्षी, मग एकदम एवढं मोठं की ताईंनी डोकं खाली घातलं. चाकं जमिनीला टेकली तिथे धूर उठला.

"अगं, त्याच्या चाकांत किती हवा असेल गं?" ताईंनी विचारलं.

"तेहतीसपेक्षा जास्त," रोहिणी म्हणाली. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. ताईंनी तीन कणसं खाल्ली आणि साखरेचा विषय काढला नाही.

तिसरा दिवस: परत

परतीला रोहिणीने चालवलं, विश्रांतवाडीपासून वारज्यापर्यंत अख्खं शहर. येरवड्याला तिच्या ओठावर घाम होता. संगमवाडीला ती गुणगुणायला लागली. डेक्कनच्या वळणावर एक रिक्षा आडवी आली, तिने गाडी डावीकडे घेतली आणि चाक फुटपाथला करकरत घासलं. मोठा आवाज झाला. आम्ही दोघांनी एकदम डबीकडे पाहिलं. तेहतीस. तेहतीसच.

"हे मात्र माझं," ती म्हणाली, आणि गियर टाकला.

शेजारच्या सीटवरून हे शहर वेगळं दिसतं. झाडं दिसतात, पाट्या वाचता येतात, बायकोचा चेहरा एका बाजूने बराच वेळ बघता येतो. संसारभर मी तिला इकडून तिकडे सोडत आलो. मला बोलता येत नाही. 'चल, सोडतो' हे माझं बोलणं होतं. ती स्वतः चालवू लागली तेव्हा मी घरी खिडकीत उभा राहून गाडी परत यायची वाट बघायचो, आणि आली की टीव्ही लावून बसायचो. म्हणून ते चाक बसलेलं पाहून मला आनंद झाला. तिच्या भीतीवर मी माझी जागा परत मिळवली.

आता ती दर शनिवारी विश्रांतवाडीला जाते. निघण्याआधी, गाडी गार असताना, डबी बघते. स्क्रू तिने किल्लीच्या कडीला अडकवलाय; गाडी चालते तेव्हा तो वाजतो. खोटं बोललो, ते मी तिला सांगितलं आहे. आनंद झाला होता, हे अजून सांगितलेलं नाही. ते एक वाक्य मी रोहिणीला देणं लागतो.